पाटकऱ्याचा नातू

पांझरेकाठचा एक पोरगा जळगावातल्या डाळ मिलसाठी जावात प्रोग्राम लिहीत होता. बिलाच्या क्लासला गिऱ्हाइकाला एसएमएस पाठवायचा असे, म्हणून त्याने तिथेच ‘न्यू’ लिहून एसएमएस पाठवणारा ऑब्जेक्ट बनवला. पावतीच्या क्लासमध्ये तेच, उधारीच्याही. पुढे मालकाने एसएमएसची कंपनी बदलली आणि सगळे क्लास उघडून बसायची पाळी आली.

वैतागून तो घरी आला. आबा जन्मभर फडावर पाटकरी. साक्री-धुळ्याकडची फड पद्धत तीन-चारशे वर्षांची: नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, खालचं शिवार फडांत वाटलेलं आणि एका फडात एकच पीक. भिजवण्याचं काम शेतकऱ्याचं नाही, पाटकऱ्याचं.

आबा म्हणाले, “जो तो आपल्या वावरातून नदीपर्यंत चारी खोदायला लागला तर कसं व्हायचं, भाऊ? वावराने पाणी आणायचं नसतं. काय लागतं ते सांगायचं. द्यायला पाटकरी असतो.”

पोराला स्प्रिंग आठवलं, जावातल्या ऑब्जेक्टांना लागेल ते पुरवणारा पाटकरीच. आधी त्यात कोणाला काय द्यायचं ते लांबलचक एक्सएमएल फाइलमध्ये लिहीत. 2007 च्या 2.5 आवृत्तीपासून क्लासमध्येच ‘@ऑटोवायर्ड’ अशी खूण करता येऊ लागली. (ती फाइल कंटाळवाणी खरी, पण सगळी वाटणी एका जागी वाचता येई. खुणांत ते सुख नाही.) त्याने ‘न्यू’ काढले आणि दिसेल त्या फील्डवर खूण चिकटवली.

मग व्हॉट्सॲपवरून निरोप पाठवणारा दुसरा क्लास आला, आणि प्रोग्राम सुरूच होईना: एक हवा होता, दोन सापडले.

“नुसतं ‘पाणी’ म्हणून भागतं का?” आबा म्हणाले. “उसाची पाळी वेगळी, गव्हाची वेगळी. कोणतं ते सांग. आणि असं सांग की बांधावरून जाणाऱ्यालाही कळेल.”

त्याने ‘@क्वालिफायर’ लावून नाव दिलं, आणि फील्डवरच्या खुणा काढून सगळ्या मागण्या कन्स्ट्रक्टरमध्ये आणल्या. तेव्हा दिसलं, बिलाचा एकटा क्लास नऊ गोष्टी मागत होता. फील्डवर विखुरलेल्या होत्या तोवर ही हाव नजरेत आली नव्हती.

“नऊ?” आबा हसले. “हे एक वावर नव्हे रे.”

पोराने क्लास फोडला. हिशेब, छपाई, निरोप वेगळे केले. मग चाचणीसाठी निरोपाच्या कन्स्ट्रक्टरला खऱ्याऐवजी एक लुटूपुटूचा पाठवणारा हातानेच दिला. चाचण्या रात्रभर चालल्या; एकाही गिऱ्हाइकाचा मोबाइल वाजला नाही.