टक्क्यांची मोकळी जागा

तालुक्याच्या कोर्टाबाहेर टायपिंगवाल्याच्या टेबलाशी एक वृद्ध शेतकरी बसले होते. जमीन कालव्यात गेलेली. सरकारने ठरवलेला मोबदला त्यांनी हरकत नोंदवून उचललेला, आणि आता वाढीव मोबदल्यासाठी धावपळ. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात सातबारा, जुन्या नोटिसा आणि एक करारनामा. कोर्ट फी, वकिलाची फी, मूल्यांकनाचा अहवाल हा सगळा खर्च शेजारच्या गावचा एक माणूस करणार होता. जिंकल्यावर त्याचा हिस्सा. करारनाम्यात टक्क्यांची जागा मोकळी सोडलेली होती. खाली अंगठा मात्र उमटला होता आणि शाई अजून बोटाला होती.

"मामा, इथं आकडा कुठाय?" मी विचारलं.

"निकाल लागला की घालू म्हणाले. आपल्या खिशातनं तर काय जात नाही."

ती मोकळी जागा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

दुसऱ्याच्या दाव्यात पैसा घालायचा आणि जिंकलेल्या रकमेत वाटा घ्यायचा, हा व्यवहार आता मोठ्या कंपन्यांच्या लवादांतही चालतो. आपल्याकडे तो बेकायदा नाही. इंग्लंडमधला याविरुद्धचा जुना कायदा हिंदुस्थानात जसाच्या तसा लागू नाही, पण करार पिळवणुकीचा असेल तर कोर्टाने तो मानू नये, असं प्रिव्ही कौन्सिलने 1876 मध्येच सांगितलं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नोंदवलं की वकील नसलेल्या व्यक्तीने दाव्याला पैसा पुरवून निकालानंतर तो परत घेण्यास मनाई दिसत नाही. वकिलाला मात्र निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही. बार कौन्सिलच्या नियमांत ते गैरवर्तन आहे. म्हणजे वकिलाला जे बंद, ते त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्याला मोकळं. आणि त्याच्यावर देखरेख ठेवणारी यंत्रणा नाही.

यावर सरसकट बंदी घाला, असं मी म्हणणार नाही. बंदीचा फायदा सरकारी खात्यांना आणि बड्या कंपन्यांना होईल, कारण वर्षानुवर्षं तारखा झेपण्याची ताकद त्यांच्याकडेच असते. 1987 च्या कायद्याने मोफत विधी सेवा दिली आहे आणि ती मोलाची आहे, पण लांबलेल्या दाव्याचा सगळा भार तिच्यावर टाकून मोकळं होता येत नाही.

ब्रिटनमधल्या पोस्टाचं प्रकरण या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दाखवतं. होरायझन नावाच्या संगणक प्रणालीने खोटी तूट दाखवली आणि छोटी टपाल कार्यालयं चालवणाऱ्या शेकडो माणसांवर चोरीचे, अफरातफरीचे आरोप ठेवले गेले. 555 जणांनी एकत्र येऊन दावा लावला, तो बाहेरच्या गुंतवणूकदाराच्या पैशावर. तो पैसा नसता तर त्यांचा आवाज न्यायालयापर्यंत पोहोचला नसता. डिसेंबर 2019 मध्ये 5 कोटी 77 लाख पौंडांवर तडजोड झाली. त्यातला बहुतेक पैसा खर्चात आणि पैसे लावणाऱ्यांच्या वाट्यात गेला. 555 जणांसाठी उरले सुमारे 1 कोटी 20 लाख, म्हणजे माणशी सरासरी वीस-बावीस हजार पौंड. पुढे सरकारला वेगळी भरपाई योजना आणावी लागली.

महाराष्ट्राला हे दुखणं नवं नाही. 1875 मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रं जाळली, कारण त्या कागदांवर कोर्टातून हुकूमनामे निघत आणि जमिनी जात. 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशाला अधिकार दिला की नुसता कागद पाहू नको, व्यवहार मुळापासून तपास. त्याआधीपासून दामदुपटीचा दंडक आपल्याकडे होताच: व्याजाची थकबाकी मुद्दलाच्या वर वसूल करायची नाही. गरजवंताला अक्कल नसते असं आपण म्हणतो. माझ्या मते त्याला अक्कल असते, पर्याय नसतो, आणि म्हणूनच कायद्याने त्याच्या बाजूने हिशेब ठेवायचा असतो.

दावा हरला तर पैसे परत मागायचे नाहीत, म्हणून हे कर्ज नव्हे, असं पैसे लावणारे सांगतात. जोखीम खरी आहे. तिची भरपाई साध्या व्याजाहून जास्त असावी, हेही मला मान्य आहे. पण जमीन ज्याची गेली, त्याच्या हाती मिळालेल्या रकमेतला निम्म्याहून मोठा वाटा राहिलाच पाहिजे. खर्च धरून, सगळं धरून. आणि तडजोड करायची की लढायचं, हे त्यानेच ठरवावं. लोकअदालतीत बरा आकडा मिळतोय, घरी आजारपण आहे, म्हातारा हो म्हणायला तयार आहे, आणि मागे उभा असलेला माणूस 'थांबा, हायकोर्टात वाढेल' म्हणून हात धरतो. हा हात कायद्याने सोडवला पाहिजे.

याची सुरुवात आपल्याच नियमांत आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 25 मध्ये महाराष्ट्रापुरती दुरुस्ती आहे: दाव्यासाठी पैसा मिळावा म्हणून वाद्याने दाव्यातल्या मालमत्तेचा हिस्सा कुणाला देऊ केला असेल, तर कोर्ट त्या माणसाला त्याच्या संमतीने वादी करू शकतं, त्याच्याकडून प्रतिवादीच्या खर्चापोटी तारण मागू शकतं. तरतूद चांगली आहे, पण तिची काळजी मुख्यतः प्रतिवादीच्या खर्चाची आहे. वाद्याला त्याच्याच पाठीराख्यापासून कोण वाचवणार?

संहितेच्या कलम 122 खाली उच्च न्यायालय हे नियम बदलू शकतं; त्यासाठी संसदेची वाट पाहायला नको. दाव्यासोबत मराठीत एक पानाचं निवेदन लावणं सक्तीचं करावं: पैसा कुणाचा, किती, वाटा किती टक्के, तडजोडीचा अधिकार कुणाकडे. आकड्याची जागा मोकळी असेल तर तो करार पैसे लावणाऱ्याला वापरता येऊ नये. पहिल्याच तारखेला न्यायाधीशांनी वाद्याला समोर उभं करून हे पान वाचून दाखवावं आणि त्याच्या तोंडून ऐकावं की त्याला काय कळलं. भरपाईची रक्कम थेट वाद्याच्या बँक खात्यात जावी. वाटेकऱ्याने आपला हिस्सा तिथून, कोर्टाच्या नोंदीने घ्यावा. मोटार अपघाताच्या भरपाईत निरक्षर दावेदारांचे पैसे मुदत ठेवीत ठेवण्याची दक्षता सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच सांगितली आहे. कालव्यात जमीन गेलेल्या माणसालाही तीच दक्षता मिळाली पाहिजे.

त्या दिवशी मी मामांना एवढंच सांगितलं की आकडा आत्ता, माझ्यादेखत घालून घ्या. टायपिंगवाल्याने पेन पुढे केला. शेजारच्या गावचा माणूस चहाला गेला होता, तो येईपर्यंत आम्ही थांबलो.