जीर्णोद्धार आणि सुधारणा

जुनी वस्तु दुरुस्त करणारा मनुष्य कोणाशीं इमान राखतो, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. वस्तु मोडली, सांधली, पुन्हां कामास आली. यांत इमानाचा संबंध काय, असें कोणी म्हणेल. परंतु दुसऱ्या कशाचें तरी यथार्थ दर्शन घडविणें हेंच ज्या वस्तूचें सारें काम, तिच्या बाबतींत हा प्रश्न टाळतां येत नाहीं. लाउडस्पीकर ही अशी वस्तु आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वींचे घरगुती लाउडस्पीकर मिळवून त्यांची निगा राखणें, झिजलेले भाग बदलणें आणि साधल्यास त्यांत सुधारणा करणें, हा छंद कांहीं सुशिक्षित घरांतून शिरला आहे. त्याची थट्टा करण्याचा माझा हेतु नाहीं. तत्त्वज्ञानाच्या तासाला ज्या प्रश्नानें मुलांना जांभया येतात, तोच प्रश्न या मंडळींना डाख देण्याची सळई हातांत धरून, त्याच घटकेला, सोडवावा लागतो.

उदाहरणादाखल एकच घराणें घेऊं. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील केंब्रिज येथें एडगर व्हिलचर आणि त्याचा विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनीं १९५४ सालीं ‘अकूस्टिक रिसर्च’ ही कंपनी काढली. तोंवर खोल नाद हवा असेल तर कपाटाएवढी पेटी लागे. व्हिलचरनें पेटी लहान केली, हवाबंद केली, आणि शंकूला पुन्हां जागेवर ओढून आणण्याचें काम त्याच्या ताठ कडेकडून काढून आंत कोंडलेल्या हवेकडे सोंपविलें. ही हवेची कमान यांत्रिक कमानीपेक्षां अधिक एकसारखी वागते. त्यामुळें पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या पेटींतून खोल सूर फारसे न विटतां निघूं लागले. १९५८ सालीं ‘ए. आर. ३’ व १९६७ सालीं ‘ए. आर. ३ए’ या पेट्या आल्या. कंपनीनें फाइन आर्ट्स क्वार्टेट या तंतुवाद्यकारांच्या चौकडीला सभागृहांत बसवून प्रयोग केले. वादक मध्येंच गज फिरविण्याचा नुसता अभिनय करीत आणि सूर ध्वनिमुद्रणांतून येई. सांधा कोठें आहे हें पुष्कळ श्रोत्यांना ओळखतां येत नसे. यंत्रानें पदरचें कांहीं घालूं नये, हाच त्या घराण्याचा धर्म होता.

आतां असल्या निःस्पृह वस्तूला म्हातारपण येतें तेव्हां काय होतें तें पाहा. आरंभीं शंकूची कड लेप दिलेल्या कापडाची असे. ती अजूनहि पुष्कळ ठिकाणीं शाबूत आहे. १९७० च्या सुमारास तिच्या जागीं फोम आला, आणि हा फोम हवेंतील दमटपणानें पंधरा-वीस वर्षांत अक्षरशः भुगा होतो. कड गेली कीं पेटी हवाबंद राहत नाहीं, म्हणजे जिच्यावर सारी कल्पना उभी तीच नाहींशी होते. मागील बाजूस बारीक सूर कमीजास्त करण्याच्या चकत्या असतात. त्या गंजतात आणि बारीक सूर मुके होतात. इथपर्यंत वाद नाहीं. फाटलेल्या छत्रीला नवें कापड घालतांना कोणी मीमांसा करीत नाहीं.

वाद कंडेन्सरपासून सुरू होतो. पेटीच्या आंत खालचे व वरचे सूर वेगळे करणारी जी योजना असते, तींत त्या काळीं बहुधा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर घालीत. ते कालांतरानें सुकतात व त्यांचें माप चळतें. आज त्यांच्याऐवजीं प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याचे उत्तम कंडेन्सर मिळतात. पण जुन्या कंडेन्सरच्या अंगीं थोडा विरोध असे, आणि तो विरोध मूळ कर्त्याच्या हिशेबांत धरलेला असे. नव्यांत तो जवळजवळ नाहीं. म्हणून वरचे सूर किंचित् अधिक प्रखर होतात. तेव्हां जाणकार दुरुस्तीकार नव्या निर्दोष कंडेन्सरशेजारीं मुद्दाम लहानसा रेझिस्टर जोडतो. म्हणजे निष्ठेसाठीं दोषहि विकत आणतो! हें पाहून हंसूं येतें खरें, पण हंसून झाल्यावर त्याला खोडून काढणें सोपें जात नाहीं.

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबांत ‘ए. आर. ३ए’ ची जोडी आहे. घरचे वडील शिक्षणासाठीं बोस्टनला होते. तेथून त्यांनीं ती आणली. ते निवर्तल्यावर मुलीनें पेट्या एका वृद्ध, कुशल गृहस्थांच्या स्वाधीन केल्या आणि एवढेंच सांगितलें, “काका, बाबा ऐकत असत तसा आवाज यायला हवा.” त्यांनीं तो कानानें जुळविला. आतां, साठी उलटल्यावर सेकंदाला दहा-बारा हजार कंपनांपलीकडचें पुष्कळांना ऐकूं येत नाहीं. त्यांना जो आवाज भरलेला वाटला, तो मुलीला टोंचूं लागला. तंबोऱ्याची जवारी सुईसारखी लागे. शेवटीं मापनाचें यंत्र आणून सारें पुन्हां जुळवावें लागलें. मुलीची मागणी मात्र त्या यंत्राच्याहि आवांक्याबाहेरची होती. बाबांच्या कानांना काय ऐकूं येत होतें, हें पेटींत कोठेंच लिहिलेलें नाहीं.

रथ म्हणजे आंस नव्हे, चाकें नव्हेत, जूं नव्हे, हें नागसेनानें मिलिंद राजाला पटविलें. परंतु मोडलेला रथ सुताराकडे न्यावयाचा झाल्यास त्या संवादाचा फारसा उपयोग नाहीं. मला जवळचा वाटतो तो आमच्या भांडारकर संस्थेंतील संपादकांचा दाखला. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम १९१९ सालीं सुरू होऊन १९६६ सालीं पुरें झालें. त्यांत संपादकाला एखादा पाठ अधिक सुंदर वाटला म्हणून तो वर घेण्याची मुभा नव्हती. आणि जो पाठ वगळला तो फेंकून न देतां तळटीपेंत वा परिशिष्टांत नोंदलेला आहे. वाचकाला संपादकाचा निर्णय नामंजूर करतां यावा, एवढी सोय तेथें आहे. दुरुस्तीकारानेंहि याहून अधिक कांहीं करावयाचें आहे, असें मला वाटत नाहीं.

याला विरोधी दाखला बी.बी.सी.चा. बाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाड्यांसाठीं तिनें १९७० नंतर ‘एल.एस. ३/५ए’ ही लहानशी पेटी सिद्ध केली. पुढें तींतील केफ कंपनीच्या लाउडस्पीकरांचे गुणधर्म बदलत गेले, तेव्हां १९८० नंतरच्या दशकांत आंतील योजनाच नव्यानें आखली गेली. पंधरा ओहमची पेटी अकरा ओहमची झाली, ती आवाज तोच राहावा म्हणून! भाग तेच ठेवून आवाज पालटूं द्यावा, कीं आवाज तोच ठेवून भाग पालटावे? कर्त्यांनींच येथें दुसरा पक्ष घेतला. त्यांना तो अधिकार होता. त्यांच्याजवळ मूळ मापें होतीं आणि नांवहि त्यांचेंच होतें. तुमच्या-माझ्याजवळ यांतलें कांहींच नसतें.

म्हणून सुधारणेला माझी हरकत नाहीं. हरकत आहे ती जुन्या नांवाखालीं ती खपविण्याला. वरच्या सुरांचा नवा लाउडस्पीकर बसवून कोणी आपल्या दिवाणखान्यांत आनंदानें गाणें ऐकत असेल तर तो त्याचा अधिकार आहे, आणि कदाचित् व्हिलचरलाहि तें आवडलें असतें. तो कांहीं जुन्याचा पूजक नव्हता. पण तीच पेटी उद्यां ‘अस्सल’ म्हणून तिसऱ्याच्या गळ्यांत बांधली, तर तो व्यवहार सावकाराच्या खाडाखोड केलेल्या वहीहून वेगळा नाहीं. वर सांगितलेल्या कुटुंबांत त्या गृहस्थांनीं जुने कंडेन्सर टाकून दिले नाहींत. पाकिटांत घालून, वर तारीख व मापें लिहून, ते मुलीच्या हातीं दिले. तिनें तें पाकीट वडिलांच्या ध्वनिमुद्रिकांच्या कपाटांत ठेवलें आहे.