भाकरीच्या घरचा नाताळ

(वाचावें : नहेम्या ८:१०, लूक २:७, योहान ६:९.)



रब्बीची ज्वारी पोटऱ्यांत आली, पहांटेचें धुकें शेतावर उतरूं लागलें, कीं धाराशिव जिल्ह्यांतील आपल्या खेडोपाडींच्या मंडळ्यांत नाताळाची लगबग सुरू होते. भगिनी घर सारवून कढई चढवितात. करंज्या, शंकरपाळे, लाडू यांचे डबे भरतात. मुलें बांबूच्या कामट्या बांधून त्यांवर रंगीत कागद खळीनें चिकटवितात व दारावर तारा टांगतात. हें सर्व योग्यच आहे. आनंद करणें हा विश्वासणाऱ्यांचा अधिकार आहे. परंतु कढईंत काय तळलें जातें यापेक्षां ती कोणाच्या पैशानें चढली, हें पाहणें अधिक अगत्याचें आहे.

कित्येक घरांत अशी समजूत शिरली आहे कीं, शहरचा केक व नवीं वस्त्रें नसलीं तर नाताळ झालाच नाहीं. मग दुकानदाराच्या वहींत नांव चढतें, किंवा ऊसतोडणीची उचल सणांतच सरते. आणि तारा दारावरून उतरतो न उतरतो तोंच धनको दारांत उभा राहतो. ज्यानें आपणांस पापाच्या ऋणांतून सोडविलें, त्याचा जन्मदिवस ऋण काढून साजरा करावा काय?

बेथलेहेम या इब्री नांवाचा अर्थ भाकरीचें घर असा आहे. त्या गांवीं तारणारा जन्मला व गव्हाणींत, म्हणजे आपण बैलापुढें कडबा टाकितों तसल्या जागीं, निजविला गेला. पुढें त्यानें पांच हजारांस तृप्त केलें, तें एका मुलाजवळच्या जवाच्या पांच भाकरी घेऊन. आणि जव हें त्या देशांत गरिबांचें धान्य होतें, जशी आपली ज्वारी. मग घरच्या गुळापिठाची लाज कां वाटावी? चार वाट्या कणकेस अर्धी वाटी कडकडीत तेलाचें मोहन, थोडे तीळ व चिमूटभर मीठ घालावें. एक वाटी गूळ थोड्या पाण्यांत विरघळवून, गाळून, त्यांत कणीक घट्ट भिजवावी व शंकरपाळे मंद आंचेवर तळावे. ते पुष्कळ दिवस टिकतात, आणि त्यांस कर्जाची चव नसते.

अमेरिकेंत आमिश नांवाचे ख्रिस्ती लोक राहतात. त्यांचा पंथ १६९३ सालीं युरोपांत निराळा झाला. अद्यापि ते घोडागाडींतून जातात व त्यांच्या नाताळांत झगमगाट नसतो. घरीं भाजलेले पदार्थ, घरच्या हातांनीं केलेल्या भेटी, व पुष्कळ ठिकाणीं २६ डिसेंबरचा दिवस नातलगांच्या भेटीगाठींस राखलेला, एवढाच त्यांचा थाट. हें दारिद्र्य नव्हे. साधेपणा ही त्यांची साक्ष आहे.

पण दूर कशाला जावें? आपल्याच जिल्ह्यांत मार्गशीर्षाच्या अमावास्येस, म्हणजे बहुधा नाताळाच्या आगेंमागें, येळवस येते. शेतकरी शेतांत कडब्याची कोप उभारून भज्जी, आंबील व उंडे यांचें जेवण करितात, आणि वाटेनें जाणाऱ्यासही बोलावून पंक्तीस बसवितात. त्यांची पूजा आपली नसली, तरी हा शेजारधर्म आपण अवश्य शिकावा. नहेम्याच्या काळीं लोकांस आज्ञा झाली ती हीच कीं, स्वतः गोडधोड खावें, आणि ज्यांच्या घरीं कांहीं सिद्ध झालें नाहीं त्यांस वांटा पाठवावा.

असे लोक आपल्या मंडळींत आज कोण आहेत? मुलगा व सून कोयता घेऊन कारखान्याच्या फडांत गेलीं आहेत, आणि म्हातारीं घरीं राहिलीं आहेत, तीं. त्यांच्या चुलीवर कढई चढलेली नाहीं. धर्मशिक्षक बंधूंनो, अशा घरांची यादी नाताळापूर्वींच करावी. मातांनो, पहिलें ताट त्यांचें भरावें; आणि मुलांनो, तुमचा एक तारा त्यांच्या दारावर टांगावा.

भाकरीच्या घरीं जन्मलेला प्रभु या नाताळांत आपलें प्रत्येक घर भाकरीचें घर करो. आमेन.