चंचल मन आणि दोषाचा प्रश्न

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाला वाऱ्याची उपमा देतो. श्रीकृष्ण अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगतात. मन आवरणे हे माणसाच्या हाती आहे, ही धारणा त्यातून रुजली. एडीएचडी, म्हणजे अवधान-अभाव व अतिचंचलता, या धारणेला अवघड प्रश्न विचारते. अवधान टिकवण्याची क्षमताच जन्मतः असमान असेल, तर विसराळूपणा हा दोष कोणाचा?

ही अवस्था मेंदूच्या विकासाशी निगडित असून आनुवंशिकतेचा वाटा त्यात मोठा असतो. निदानासाठी काही लक्षणे बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात. अनेकांत ही अवस्था प्रौढपणीही राहते. आवडत्या कामात तासन्‌तास रमणारे मूल साधा गृहपाठ पुरा करू शकत नाही, आणि नेमके हेच पाहून त्याला आळशी ठरवले जाते. वर्षानुवर्षे अशी बोलणी खाल्ल्यावर अपराधभाव मुरतो. चिंता आणि नैराश्य एडीएचडी असलेल्या व्यक्तींत अधिक आढळतात, त्यामागे हेही एक कारण असते.

पतंजलींनी योगसूत्रांत चित्ताचे नऊ विक्षेप मांडले. त्यांत व्याधी पहिली आहे आणि आलस्य वेगळे. हा भेद फार मोलाचा आहे. औषध, समुपदेशन, ठरलेली दिनचर्या यांनी गीतेतल्या अभ्यासाला जागा मिळते. जबाबदारी त्यामुळे संपत नाही, पण तिचे माप प्रत्येकाच्या क्षमतेनुसार घ्यावे लागते.