कार्ड खिशात, डॉक्टर कुठे?

टोरोंटोत किंवा कॅलगरीत नातेवाईक असलेल्या कुणाशीही बोला, बर्फ आणि घरभाड्याची रडगाणी झाली की गाडी एकाच मुद्द्यावर येते: फॅमिली डॉक्टर मिळत नाही. हेल्थ कार्ड खिशात असतं, तपासणीचं बिल सरकार भरतं, पण कार्ड घेऊन जायचं कुणाकडे? २०२२-२३ मध्ये झालेल्या एका देशव्यापी पाहणीत ६५ लाखांहून जास्त प्रौढ कॅनेडियनांना नेहमीचा डॉक्टर नसल्याचं दिसलं. ताप आला की वॉक-इन क्लिनिकमध्ये नंबर लावायचा, रात्री पोटात दुखलं तर इमर्जन्सीत तासन् तास ताटकळायचं. ज्या व्यवस्थेचा त्या देशाला सर्वांत जास्त अभिमान, तिच्याबद्दलच आज तिथे सर्वांत जास्त कुरकूर आहे.

या व्यवस्थेच्या पूर्वेतिहासात आपल्या सोलापूरचं नाव आडवळणाने येतं. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. १९४१ मध्ये तिथल्या ज्या रुग्णालयाचे ते संचालक झाले, त्याला नाव होतं नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन सर्जनचं. १९३९ च्या नोव्हेंबरात, शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष भिनून बेथ्यून वारले होते. कोटणीसांच्या वाट्याला त्यांचं काम आलं आणि १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तेही गेले. शांतारामांच्या चित्रपटामुळे कोटणीस आपल्याला माहीत असतात, पण बेथ्यून चीनला जाण्याआधी काय म्हणत होते ते फारसं कुणी सांगत नाही.

बेथ्यून यांना १९२६ मध्ये क्षय झाला होता आणि सॅनेटोरियमचे उपचार घेऊन ते त्यातून उठले. मॉन्ट्रियलमध्ये फुप्फुसांच्या शस्त्रक्रिया करताना त्यांना दिसलं की त्याच दुखण्यातून पैसेवाला वाचतो आणि गरीब मरतो. १९३६ मध्ये त्यांनी काही डॉक्टर-परिचारिकांना जमवून क्विबेकच्या निवडणुकीआधी एक योजना मांडली. वैद्यकसेवेतून खासगी नफा काढून टाका, असा तिचा रोख होता. डॉक्टरांनी ती दारातही उभी केली नाही. बेथ्यून स्पेनच्या युद्धात गेले, तिथून चीनला. त्यांच्या म्हणण्याचे दोन भाग होते. रोग्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, हा एक. रोगी येण्याची वाट न बघता डॉक्टरनेच रोग्यापर्यंत जायचं, हा दुसरा.

पहिला भाग कॅनडाने पुढे स्वीकारला, पण दुसऱ्याच माणसाच्या हातून. टॉमी डग्लस शाळकरी वयात पायाच्या हाडाच्या दुखण्याने आजारी होता. घरी पैसे नाहीत, पाय कापण्याची पाळी आलेली. विनिपेगच्या एका सर्जनने फुकट शस्त्रक्रिया केली. अट एवढीच, की विद्यार्थ्यांना ती बघू द्यायची. पाय वाचला. आपल्याकडे अशा डॉक्टरला देवमाणूस म्हणून हात जोडले असते आणि विषय संपला असता. डग्लस यांनी वेगळा निष्कर्ष काढला: पोराचा पाय एखाद्या भल्या माणसाच्या मर्जीवर अवलंबून असता कामा नये. पुढे ते सस्कॅचवान प्रांताचे मुख्यमंत्री झाले. १९४७ मध्ये तिथे रुग्णालयाचा खर्च सरकारने उचलला. १ जुलै १९६२ ला डॉक्टरांची फीही सरकारी झाली, त्या दिवशी डॉक्टर संपावर गेले आणि संप २३ दिवस चालला.

तो मिटवताना झालेली तडजोड मला सगळ्या कहाणीत कळीची वाटते. बिल सरकार भरेल, पण डॉक्टर सरकारी नोकर होणार नाही. म्हणजे पैसे कोण देणार हे ठरलं. डॉक्टर कुठे बसणार, कुणाला घेणार, हे त्याच्याकडेच राहिलं. १९६६ च्या कायद्याने हेच सूत्र देशभर गेलं, १९८४ च्या कायद्याने रोग्याकडून वरचे पैसे घेण्यावर बंदी आली. रुग्णालयाबाहेरच्या गोळ्या-औषधं मात्र त्यात नव्हती. त्यात १९९० च्या दशकात, डॉक्टर फार होतील या धास्तीने, मेडिकलच्या जागा सुमारे १० टक्क्यांनी घटवल्या गेल्या. परदेशात शिकून आलेल्या डॉक्टरांसाठी रेसिडेन्सीच्या जागा मोजक्याच. आजची टंचाई आभाळातून पडलेली नाही.

आपल्याकडे १९४६ च्या भोर समितीने बेथ्यून यांच्या म्हणण्यातले दोन्ही भाग एकत्र मांडले होते: पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, आणि खेड्यापर्यंत प्राथमिक केंद्रं हवीत. अंमलबजावणीत मात्र आपणही सोपा, म्हणजे बिलाचा, भाग आधी उचलला. २ जुलै २०१२ ला राज्यात राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं. आता ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते आणि मोफत उपचारांची मर्यादा दीड लाखाची पाच लाख झाली आहे. योजनेने माणसं वाचवली, यात वाद नाही. दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईची अँजिओप्लास्टी बिल न भरता होते, ही गोष्ट तिच्या आईच्या पिढीला खोटी वाटली असती.

पण डिस्चार्ज मिळाल्यावर काय होतं ते बघा. रक्त पातळ ठेवायची गोळी, बीपीची, शुगरची, असा दर महिन्याचा हिशेब. सरकारी दवाखान्यात चिठ्ठीवरची निम्मी औषधं मिळतात, उरलेल्यांवर खूण करून सांगतात, बाहेरून घ्या. मेडिकलवाल्याकडे ती बाई पंधरा दिवसांच्याच गोळ्या मागते. त्या संपल्या की पुढचे पंधरा दिवस विश्रांती, गोळ्यांना आणि खिशाला. बीपी वेळीच तपासणारं कुणी घराजवळ असतं, तर कदाचित अँजिओप्लास्टीची वेळच आली नसती. पॅकेज मोठ्या दुखण्याला आहे. दुखणं मोठं होऊ नये, याला पॅकेज नाही.

सहकारातून अश्विनीसारखं रुग्णालय उभं करणाऱ्या सोलापूरला डॉक्टरला लोकांच्या जवळ आणणं अवघड जाऊ नये. कॅनडाने बिलाचा प्रश्न सोडवायला पंचवीसेक वर्षं घेतली आणि डॉक्टरचा प्रश्न मागे ठेवला. आपण दोन्ही अर्धवट ठेवून फक्त पाच लाखांचा आकडा मोठ्या अक्षरांत छापतो आहोत. उद्या मतं मागायला दारात येणाऱ्याला पाच लाखांबद्दल विचारू नका. तुमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात डॉक्टरची किती पदं मंजूर आहेत, किती भरली आहेत आणि बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या मिळतात का, हे तीन प्रश्न विचारा, आणि उत्तर लिहून घ्या.