मऊ धातू

माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून धातूचा एक अर्धगोल तुकडा ठेवलेला असतो. परवा नातीने तो उचलला आणि विचारले, "आजोबा, ही कुणाची तुटलेली पाटली?"

तिचा तर्क अगदीच चुकीचा नव्हता. आकार पाटलीचाच आहे. पाठ पोलादाची, आतून करड्या, मऊ धातूचा पातळ थर. त्या थरावर ओरखडे आहेत आणि एका जागी तो पार झिजून गेला आहे. हे डिझेल ट्रकच्या इंजिनातले बेरिंग. पण गेली कित्येक वर्षे ते मला एक प्रश्न विचारीत आले आहे. जी वस्तू अजून काम देते आहे, ती काढून टाकणे ही उधळपट्टी, की न काढणे हा अन्याय?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आत घेतलेली हवा पंधरा-वीस पट दाबली की ती इतकी तापते, की तिच्यात फवारलेले तेल आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीत औग्सबुर्ग येथे हे यंत्र यशस्वी करून दाखविले. क्रँक मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर एकेका सिलिंडरात मिनिटाला हजार वेळा तेल पेटते. तो प्रत्येक तडाखा क्रँकवर पोचण्याआधी या पाटलीवर बसतो. दोघांच्या मध्ये तेलाचा एक पापुद्रा असतो, तेवढाच आधार. बेरिंग मऊ ठेवतात ते मुद्दाम. तेलातून एखादा कण आला, तर तो याच्यात रुतून बसावा, महागड्या क्रँकवर चरा पडू नये. आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिराने १८३९ साली कथिलाचा असा मिश्रधातू शोधून काढला. थोडक्यात, हा भाग दुसऱ्यासाठी झिजावा म्हणूनच जन्माला येतो.

१९७८ साली साताऱ्यात माझ्या मामांचा एक ट्रक होता. मी नुकताच कॉलेज संपवून त्यांच्या वह्या लिहीत होतो. नवरात्राच्या सुमारास मिस्त्रीने लांब पेचकसाचे टोक चालू इंजिनाला टेकवले, मूठ कानाला लावली आणि मला हाक मारली.

"दिवाणजी, बेरिंग बोलायला लागलंय. तेलाचा काटाबी खाली आलाय. दिवाळीच्या आत बदला."

"चालतेय ना अजून?" मी विचारले.

"चालतंय म्हणूनच सांगतोय. बंद पडल्यावर मी कशाला सांगू? गाडीच सांगंल."

दिवाळीचे दिवस म्हणजे भाड्याचे दिवस. गाडी दोन-तीन दिवस उभी ठेवायची, तीही चालत असताना, हे माझ्या हिशेबात बसेना. मामांना मी मिस्त्रीचे म्हणणे सांगितलेच नाही. हा काटकसरीचा मार्ग आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. तोच मिस्त्री नोझलखालचा तांब्याचा जुना वायसर लाल होईतो तापवून पाण्यात बुडवी आणि पुन्हा बसवी. तो जुन्यावर भागवतो, मग मी का भागवू नये?

पहिल्या अंघोळीच्या आदल्या संध्याकाळी, पुण्याहून भरून निघालेली गाडी खंबाटकीच्या चढावर ठोके देऊ लागली आणि उभी राहिली. ड्रायव्हर दुसऱ्या ट्रकने साताऱ्याला निरोप घेऊन आला. मालाच्या राखणीला क्लीनर मागे राहिला. मिसरूडही न फुटलेला पोरगा. सणाच्या दिवसांत टोचन करायला गाडी मिळेना. मी उटणे लावून अंघोळ केली, फराळ केला. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर 'श्री' लिहिले. पोरगा घाटातच होता.

पाडव्याला आम्ही पोचलो, तेव्हा फराळाचा डबा त्याच्यापुढे धरताना माझी मान वर होईना. त्याने आधी विचारले, "गाडी होईल ना नीट?" आणि मग, जणू मौज सांगावी तसा, म्हणाला, "वरनं खालच्या गावातले फटाके दिसत होते."

क्रँकवर चरे पडले होते. त्याला ग्राइंडिंग करून जाड बेरिंगे बसवावी लागली. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च झाला. तो मी नव्या वहीत लिहिला. पण घाटातल्या त्या रात्री कोणत्या खात्यावर लिहायच्या, ते मला कळेना. मी वाचवलेले पैसे माझे नव्हतेच. ते त्या पोराच्या दिवाळीतून काढलेले होते.

वायसरचा उलगडाही मला तेव्हाच झाला. दाबाखाली कडक झालेले तांबे तापवले की पुन्हा मऊ होते. मिस्त्री त्या वायसरला त्याचे बळ परत देत होता. म्हणून ती काटकसर. मी बेरिंगचे उरलेसुरले बळ ओरबाडीत होतो आणि त्यालाही तेच नाव देत होतो.

कुणीतरी झिजल्यावाचून यंत्र चालत नाही, आणि संसारही चालत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून मऊ भाग ठेवणारा कारागीर मला क्रूर वाटत नाही. तो बेरिंग मऊ करतो, तसा त्याची झीज तपासायची आणि वेळीच ते बदलायचे, हा नियमही घालून देतो. आपण माणसांच्या बाबतीत पहिला अर्धा भाग तेवढा उचलतो. घरात, कचेरीत जो मऊ असतो, त्याच्यावर तडाखे येऊ देतो आणि तो बोलत नाही तोवर 'चालतंय ना?' म्हणतो. पुढे त्याच्या झिजण्याला 'त्याग' म्हणून हारही घालतो. हार घालणे सोपे असते. पेचकस कानाला लावून ऐकणे अवघड.

कुणी म्हणेल, बेरिंग बदलता येते, माणूस कसा बदलायचा? माणूस बदलता येत नाही हे खरेच. पण म्हणूनच त्याची जबाबदारी अधिक. माणूस बदलता येत नसला, तरी पाळी बदलता येते. त्या वर्षी मला दुसऱ्या रात्री घाटात जाऊन बसता आले असते. ते सुचले नाही, याची बोच अजून आहे.

नातीला यातले थोडेसेच सांगितले. ऐकून ती म्हणाली, "मग आजी सकाळपासून एकटीच का तळतेय?"

मी तुकडा जागेवर ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन सोऱ्या हातात घेतला. चकल्या सगळ्या वाकड्या आल्या. पण ही खिडकीपाशी जरा टेकली.