शेष कोणाचं?

आजचे चिंतन : भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १३



या महिन्यात किराणा भरायचा नाही, घरात आहे ते आधी संपवायचं, असं आम्ही ठरवलं. तेवढेच पैसे वाचतील. फ्रीजरमधला हुरडा निघाला, डब्याच्या तळाची तूरडाळ निघाली. अर्धा डबा ज्वारीला मात्र सोंडे लागलेले.

मी सहज म्हणालो, "ही भांडीवाल्या मावशींना देऊन टाकू."

आई म्हणाली, "आपल्याला नको, मग त्यांना कसं चालंल? बहात्तरच्या दुष्काळात आम्ही मिलोच्या भाकरी खाल्ल्या. ही तर घरची ज्वारी आहे."

श्लोक सांगतो, यज्ञ करून उरलेलं खाणारे पापातून सुटतात. फक्त स्वतःसाठी रांधणारे पापच खातात. म्हणजे आधी द्यायचं, उरेल ते आपलं. मी नेमकं उलटं करत होतो, आणि वर त्याला दान म्हणत होतो.

आपल्या गंगाखेडच्या संत जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होत्या. त्यांचे अभंग आपण हात जोडून म्हणतो. आणि आपल्या घरी राबणाऱ्या बाईला किडकं धान्य?

ज्वारी उन्हात घातली, पाखडली, निवडली. तिच्या भाकरी आम्हीच खातोय. वाचलेल्या पैशातून मावशींना नवी ज्वारी दिली. "आज काय विशेष?" त्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

काटकसर चांगलीच. पण तिचा भार कोणावर पडतो, तेही बघावं.

आज डबा उघडताना स्वतःला एवढंच विचारा : यातलं पहिलं कोणाचं?

जय हरी.